अळंबी, अर्क की कॅप्सूल?

ओरेगॉन राज्यातील हिल्सबरो येथून एका वाचक भगिनीने पुढील पत्र पाठवले आहे. नाव अर्थातच देत नाही.

«माझे यजमान ४३ वर्षांचे आहेत. गेल्या सहा वर्षांत त्यांच्या नैराश्यावर दोन औषधे होऊन गेली. सध्या तिसरे, एसिटालोप्रॅम २० मिलिग्रॅम, चालू आहे. ते कामावर जातात, पण घरी आले की दिवासुद्धा न लावता बसून राहतात. आता त्यांनी सायलोसिबिनच्या, म्हणजे काही मशरूममध्ये असणाऱ्या, मनाची अवस्था पालटणाऱ्या द्रव्याच्या उपचाराचे मनावर घेतले आहे. इथल्या परवानाधारक केंद्राने वाळवलेल्या मशरूमची भुकटी चहातून घेणे किंवा अर्काची कॅप्सूल घेणे असे दोन पर्याय सांगितले आहेत. त्यांचे एक सहकारी पावसाळी दिवसांत अस्टोरियाच्या किनाऱ्यावरून मशरूम स्वतः गोळा करून आणतात आणि तीच सर्वांत शुद्ध, असे सांगतात. दुसऱ्या एकाने दुकानात मिळणाऱ्या मशरूम चॉकलेटची वडी आणून दिली आहे, ती अजून फ्रिजमध्ये आहे. रुग्णालयांतले संशोधन मात्र कृत्रिम सायलोसिबिनवर झाले आहे, असे मी वाचले. मग यांतले चांगले कोणते? जाता जाता आणखी तीन गोष्टी. यजमानांचे सख्खे चुलते तरुणपणी बरीच वर्षे येरवड्याच्या मनोरुग्णालयात होते, ते केंद्रात सांगावे का? आमचे ग्रीन कार्ड अजून झालेले नाही. आणि डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याला येतो आहोत, तेव्हा हे तिकडेच करता येईल का, असे ते विचारतात.»

सप्रेम नमस्कार.

ज्या तीन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत, त्याच मला या पत्रात सर्वांत वजनदार वाटल्या. तरी तुमचा मूळ प्रश्न रूपांविषयी आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. मात्र पुढे वाचण्यापूर्वी उठून फ्रिजमधली ती वडी टाकून द्या, आणि घरात लहान मुले असतील तर ती कचऱ्याच्या डब्यातही उघडी राहणार नाही असे पाहा. ओरेगॉनच्या कायद्यानुसार परवान्यातील सायलोसिबिन केवळ सेवा केंद्रात, तेथील प्रशिक्षित सहायकाच्या देखरेखीखाली घ्यायचे असते. ते घरी नेता येत नाही आणि दुकानात विकताही येत नाही. त्यामुळे दुकानातून आलेली वडी परवान्याखाली तपासलेले सायलोसिबिन असू शकत नाही, हे वेष्टन न वाचताही सांगता येते. २०२४ मध्ये अमेरिकेत अशाच एका प्रकारच्या चॉकलेटांमुळे शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काहींना झटके आले, काहींना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत त्यांत म्युसिमोलसारखी द्रव्ये सापडली. म्युसिमोल हे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अमॅनिटा मस्कॅरिया या निराळ्याच अळंबीतील द्रव्य असून मेंदूत त्याचा मार्गही निराळा आहे.

आता रूपांकडे वळू. सायलोसिबिन स्वतः शरीरात फारसे काही करत नाही. पोटात गेल्यावर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर त्याला चिकटलेला फॉस्फेटचा तुकडा तोडते आणि उरते ते सायलोसिन. मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ५-एचटी-२ए या ग्राहींवर (रिसेप्टरवर) जाऊन बसते ते हेच. भुकटी असो, चहा असो, अर्क असो किंवा प्रयोगशाळेत बनवलेली कॅप्सूल असो, हा टप्पा कोणालाच चुकत नाही. परिणाम साधारण अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो, दीड-दोन तासांच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि चार ते सहा तासांत ओसरतो. चहा थोडा लवकर चढतो आणि कॅप्सूल विरघळायला थोडा वेळ घेते. रूपाचा शरीरातला फरक मुख्यतः एवढाच आहे.

हा फरक किरकोळ वाटला तरी त्याची एक जुनी आणि बोलकी गोष्ट आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात हुआउत्ला दे हिमेनेस या डोंगराळ गावी मारिया साबिना ही माझातेक जमातीची वैदू स्त्री या अळंबीचा रात्रभराचा विधी करीत असे. स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सँडोझ कंपनीत काम करणाऱ्या आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये त्या अळंबीतून सायलोसिबिन वेगळे काढले आणि पुढे ते प्रयोगशाळेत बनवलेही. १९६२ मध्ये ते स्वतः हुआउत्लाला गेले आणि त्यांनी मारिया साबिनाच्या हातात अळंबीऐवजी गोळ्या ठेवल्या. अर्धा तास झाला तरी काहीच जाणवेना, तेव्हा मंडळी कुरकुरू लागली, या गोळ्यांत दम नाही अशी शंका आली आणि आणखी गोळ्या वाटण्यात आल्या. कारण साधे होते. अळंबी चावून चावून खाल्ली जाते, तिचा अंश तोंडातच शोषला जाऊ लागतो. गोळीला मात्र पोटात जाऊन विरघळावे लागते. थोड्या वेळाने परिणाम पुरता जाणवला, आणि पहाटे निरोप घेताना तिने गोळ्यांत अळंबीचेच सामर्थ्य आहे असे सांगितले. आता अळंबीचा हंगाम नसतानाही लोकांच्या उपयोगी पडता येईल, याचा तिला आनंद झाला होता. नैसर्गिक की कृत्रिम या वादात तिच्याहून मोठा अधिकार कोणाचा असेल, असे मला वाटत नाही. मात्र त्याच रात्रीतून दुसरा धडाही घ्यावा: काहीच होत नाही म्हणून अर्ध्या तासात मात्रा वाढवणे ही चूक जाणत्यांच्या बैठकीतही झाली होती.

मग फरक कुठे आहे? तो मोजमापात आहे.

मी औषधशास्त्र शिकवीत असे तेव्हा आमच्या विभागाच्या काचेच्या कपाटात दोन बाटल्या शेजारी शेजारी असत. एकीत सर्पगंधेच्या मुळांची करड्या-पिवळट रंगाची कडू भुकटी आणि दुसरीत रेसरपिनच्या इवल्याशा पांढऱ्या गोळ्या. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला तो मुळापासून केलेल्या गोळ्यांच्या आधारावर. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५२ मध्ये, बासेलच्याच सिबा कंपनीत त्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. मी विद्यार्थ्यांना विचारीत असे की यांतले जास्त गुणकारी कोणते, आणि वर्गाचे हमखास दोन तट पडत. मला हवे असलेले उत्तर असे होते की दोन्ही गुणकारी आहेत, परंतु आज किती दिले हे छातीठोकपणे फक्त दुसऱ्या बाटलीबद्दल सांगता येते.

अळंबीचे तसेच आहे. ओरेगॉनच्या केंद्रांत केवळ सायलोसायबी क्युबेन्सिस हीच जात चालते. वाळल्यानंतर तिच्या वजनाच्या साधारण अर्धा ते एक टक्का भाग सक्रिय द्रव्यांचा असतो. म्हणजे २५ मिलिग्रॅमसाठी कधी अडीच ग्रॅम पुरतील तर कधी पाच ग्रॅम लागतील. बिगवुड आणि ब्यूग यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अगदी सारख्या परिस्थितीत वाढवलेल्या क्युबेन्सिसमध्येही हे प्रमाण चौपटीपर्यंत बदलत होते आणि बाहेरून मिळालेल्या नमुन्यांत तर दहापटीने. म्हणून मी इतके ग्रॅम घेतले या वाक्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. साठवणीतही हे द्रव्य घटते. अळंबीला इजा झाली की तिथे निळसर डाग पडतो. तो सायलोसिनचे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन झालेले रूपांतर असते. अनेक जण त्या निळाईला ताकदीची खूण समजतात, पण खरे तर तेवढे सायलोसिन तिथे खर्ची पडलेले असते.

तुमच्या केंद्रातील दोन पर्यायांकडे या नजरेने पाहा. भुकटी म्हणजे एकेका अळंबीची पूड आहे, की संपूर्ण तोडणी एकत्र दळून एकजीव केलेली आहे, हे विचारून घ्या. भाजणी एकदा नीट दळली की तिच्या प्रत्येक चिमटीत सगळी धान्ये त्याच प्रमाणात येतात; एकजीव केलेल्या भुकटीचे तसेच असते आणि तिच्यावरील प्रयोगशाळेचा आकडा बराच विश्वासार्ह ठरतो. अर्काच्या कॅप्सूलमध्ये हे काम आणखी एक पाऊल पुढे गेलेले असते. आकडा वाचताना तो सायलोसिबिनचा आहे की सायलोसिनचा, हे मात्र पाहावे, कारण २५ मिलिग्रॅम सायलोसिबिनपासून शरीरात साधारण १८ मिलिग्रॅम सायलोसिन तयार होते आणि दोन्ही आकड्यांची सरमिसळ झाली तर हिशेब चुकतो. ओरेगॉनच्या नियमांत एका बैठकीची कमाल मर्यादा ५० मिलिग्रॅम आहे. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. नैराश्यावरील बहुतेक मोठ्या चाचण्यांत २५ मिलिग्रॅमच वापरले गेले आहे.

पहिल्या खेपेला मी कॅप्सूलच निवडीन. अळंबीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, ते पचायला जड जाते आणि मळमळीचा दोष बहुधा त्याच्यावर टाकला जातो. भुकटी गाळून केलेल्या चहात आणि अर्कात तो भाग कमी होतो. पण मळमळ अजिबात होणार नाही अशी अपेक्षा ठेवू नये, कारण शुद्ध कृत्रिम सायलोसिबिन दिलेल्या रुग्णांनाही ती होते. सायलोसिन सेरोटोनिनच्या ग्राहींवर बसते, आणि सेरोटोनिनचे सर्वांत मोठे कोठार मेंदूत नसून आतड्यात आहे.

अस्टोरियाच्या किनाऱ्याविषयी मी जरा कठोर लिहिणार आहे. कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत आणि लाकडाच्या भुश्शावर उगवणाऱ्या सायलोसायबी अझुरेसेन्स व सायनेसेन्स या जाती क्युबेन्सिसपेक्षा कितीतरी तीव्र आहेत. अझुरेसेन्समध्ये सायलोसिबिन १.८ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. लाकडावर वाढणाऱ्या या जाती खाल्ल्यावर काही जणांचे हातपाय काही तास लुळे पडल्यासारखे होतात, आणि हा त्रास क्युबेन्सिसबाबत सहसा ऐकू येत नाही. याहून वाईट गोष्ट अशी की त्याच भुश्शावर, त्याच दिवसांत, कित्येकदा त्याच पुंजक्यात गॅलेरिना मार्जिनाटा उगवते. तपकिरी, लहानशी, दिसायला गरीब अशी ही अळंबी यकृत निकामी करणारे अमाटॉक्सिन बाळगून असते. ते विष लगेच लक्षात येत नाही. सहा ते बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये एक दिवस बरे वाटते आणि त्यानंतर यकृत जाते. सहकाऱ्यांची नजर आजवर तयार असेलही, पण शुद्ध हा शब्द त्यांनी इथे वापरू नये.

आता कृत्रिम सायलोसिबिन. हे काही भेसळीचे रूप नव्हे. रेणू तोच, फक्त अळंबीऐवजी कारखान्यात जुळवलेला. कंपास पाथवेज या कंपनीच्या कॉम्प-३६० या तयारीची मोठी चाचणी नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांना मानसिक आधारासह एकदाच २५, १० किंवा १ मिलिग्रॅम देण्यात आले. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमच्या गटातील ३७ टक्के रुग्णांत स्पष्ट सुधारणा दिसली, तर १ मिलिग्रॅमच्या गटात १८ टक्क्यांत. हा फरक खरा आहे. पण २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांत तशी सुधारणा झाली नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याच्या घटना तिन्ही गटांत आढळल्या, म्हणून त्या बैठकीनंतरचे आठवडे बैठकीइतकेच जपावे लागतात.

अळंबीत सायलोसिबिनशिवाय बेओसिस्टिन, नॉरबेओसिस्टिन यांसारखी भावंडे थोड्या प्रमाणात असतात आणि त्यांच्या एकत्रित परिणामाने पूर्ण अळंबी सरस ठरते, असा एक पक्ष आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये उंदरांवर दाखवले की मेंदूच्या पेशींच्या जोडांतील काही प्रथिनांवर अळंबीच्या अर्काचा परिणाम कृत्रिम सायलोसिबिनपेक्षा अधिक होता. मला हा धागा मनापासून रंजक वाटतो. तरीही उंदराच्या मेंदूतील प्रथिन आणि अंधारात बसून राहणारा तुमचा नवरा यांच्यात फार मोठे अंतर आहे, आणि माणसांतील नैराश्याचा पुरावा म्हणून आपल्यापुढे जे आहे ते मुख्यतः कृत्रिम रूपाचे आहे.

एसिटालोप्रॅमचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो टाळता येणार नाही. बऱ्याच चाचण्यांत रुग्णांची अशी औषधे आधी हळूहळू बंद केली गेली, कारण ती चालू असताना सायलोसिबिनचा परिणाम बोथट होतो असे अनेकांचे सांगणे आहे. उलट, बासेलमध्ये निरोगी माणसांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन आठवडे एसिटालोप्रॅम घेतल्यानंतरही चांगले परिणाम टिकून राहिले आणि भीती मात्र कमी झाली. यातून एवढे निश्चित होते की बैठकीची तारीख ठरली म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. सहा वर्षांचे नैराश्य त्या पोकळीत उसळून येऊ शकते. हा निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा आहे आणि केंद्रातील सहायक त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण ओरेगॉनच्या नियमांनुसार त्याला निदान किंवा औषधोपचार करण्याचा अधिकारच नाही.

चुलत्यांविषयी निःसंकोच सांगा, आणि त्याआधी घरात विचारून घ्या की त्यांना नेमके काय झाले होते. आपल्या पिढीत डोक्यावर परिणाम झाला होता एवढ्या एका वाक्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि नुसते दुर्दैव अशा तिन्ही गोष्टी गुंडाळल्या जात. सासूबाईंना किंवा गावाकडच्या एखाद्या ज्येष्ठ आत्याबाईंना फोन करा: त्यांना भास होत असत का, मध्येच झोपेशिवाय अचाट उत्साहाचे दिवस येत का, लिथियम हे बायपोलरवरचे औषध चालू होते का? ओरेगॉनच्या नियमांत गेल्या ३० दिवसांत लिथियम घेतलेल्यांना आणि पूर्वी कधी सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे) झालेल्यांना प्रवेश नाही, पण हे नियम फक्त स्वतः त्या व्यक्तीबद्दल विचारतात. संशोधनाच्या चाचण्या अधिक कडक असतात; त्यांपैकी काहींत आई, वडील, भावंडेच नव्हे तर काका-मामांपर्यंतचा इतिहास पाहून नकार दिला जातो. केंद्राने हो म्हटले तरी चुलत्यांचे निदान स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर निघाले, तर मी तुमच्या यजमानांना थांबायला सांगेन, मग रूप कोणतेही असो.

ग्रीन कार्डाची गोष्ट मात्र थेट रूपाशी येऊन भिडते. ओरेगॉनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये या केंद्रांना वाट करून देणारा मेझर १०९ हा प्रस्ताव मंजूर केला आणि २०२३ पासून केंद्रे सुरू झाली, तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सायलोसिबिन आजही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत निषिद्ध गटात आहे. आणि तुमचा ग्रीन कार्डाचा अर्ज राज्याकडे नसून केंद्र सरकारकडे आहे. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत मादक द्रव्यांविषयी विचारले जाते, आणि राज्यात चालणारी गोष्टही स्वतः कबूल केली तर नागरिक नसलेल्या माणसाचा अर्ज अडचणीत येऊ शकतो. केंद्रीय परवानगीने चालणाऱ्या चाचणीत दिलेले कृत्रिम सायलोसिबिन या कचाट्यात सापडत नाही. म्हणजे तुमच्या घरापुरता कृत्रिम रूपाचा सर्वांत मोठा गुण औषधशास्त्राचा नसून कायद्याचा आहे. दोन औषधे पुऱ्या मात्रेत आणि पुरेसे आठवडे घेऊनही उपयोग झाला नसेल तर यजमान अशा चाचणीच्या व्याख्येत बहुधा बसतील. त्यांच्या डॉक्टरांकडून मागच्या औषधांची मात्रा आणि तारखा लेखी घेऊन ठेवा. चाचणीत जागा मिळाली नाही आणि केंद्रातच जायचे ठरले, तर पैसे भरण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलांची एक भेट घ्या. एका बैठकीला हजारो डॉलर लागतात आणि विमा ते देत नाही. त्यात वकिलांचा तासाभराचा खर्च फार वाटणार नाही.

पुण्यात हे करण्याचा विचार सोडून द्यावा. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस या मादक द्रव्यविरोधी कायद्याच्या यादीत सायलोसिबिन आणि सायलोसिन दोन्ही आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका जामिनाच्या प्रकरणात अख्खी अळंबी म्हणजे मादक द्रव्याचे मिश्रण नव्हे, म्हणून तिचे सगळे वजन त्या द्रव्याचे धरता येत नाही, असे मत नोंदवले, त्याचा आधार घेऊन कोणी काही विकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तो अटक झालेल्या माणसाच्या जामिनाचा युक्तिवाद होता, आजाऱ्याला मिळालेली मुभा नव्हती. आणि पर्यटनस्थळी कोणी पुडीत काय दिले हे तपासणारी प्रयोगशाळा तिथे नसते.

सगळे सोपस्कार होऊन बैठक ठरलीच, तर त्याआधी किमान एक दिवस तयारीची भेट होईल आणि त्या दिवशी घरी कसे जाणार याचा आराखडा लिहून मागितला जाईल, कारण त्यांना स्वतः गाडी चालवता येणार नाही. तिथे तुमचे नाव आणि फोन नंबर लिहायला सांगा, त्या दिवशी तुम्ही स्वतः रजा घ्या, आणि घरी आल्यावर लगेच कसे वाटले असे विचारू नका. वरणभात खाऊन ते झोपले तरी चालेल.